तिसऱ्या खिडकीची डावी झडप

मित्रांनो, मी लाकडाची जुनी झडप. इसिक-कुल सरोवराच्या पूर्वेला आमचं लहानसं गाव आहे. तिथे एका रशियन व्यापाऱ्याने बांधलेल्या घराच्या तिसऱ्या खिडकीला मी डाव्या बाजूने असते. झारच्या फौजेमागून आलेल्या सुताराने मला घडवलं. खिडक्या चार, झडपा आठ, पण एकीचं माप दुसरीला लागेल तर शपथ. म्हणून त्याने प्रत्येकीच्या काठावर ओळखीच्या खाचा पाडल्या. मला पाच.

क्रांतीत व्यापारी पळाला, मग घरात दवाखाना आला, मग बिऱ्हाडं. रंग सगळ्यांनी फासला, पुसलं कुणी नाही. आता एकट्या कपितोलिना येगोरोव्हना उरल्यात. पन्नास वर्षं रोज संध्याकाळी त्याच आम्हाला लावतात.

गेल्या वसंतात जुनी घरं वाचवणारी मंडळी आली. पुढारी बुरुलकान एजे, म्हणजे बुरुलकानताई, भूगोलाच्या निवृत्त बाई. महिन्याभराने, एका शुक्रवारी, नगरपालिकेचे लोक येणार होते. घर धड दिसलं तर जतनाच्या यादीत, नाहीतर पाडून तिथे हॉटेलच्या गाड्या.

मंडळींनी आम्हा आठही जणींना बिजागऱ्यांवरून उतरवलं. भिंगातून माझे रंगाचे थर मोजत. मलाही कुतूहल होतं. सात निघाले, मी समजत होते सहा. मग त्यांना खाचा दिसल्या. कुऱ्हाडीचे घाव समजून त्यांनी त्यात पुट्टी भरली आणि आठही काठ गुळगुळीत केले.

आदल्या दिवशी, गुरुवारी, परत लावायला गेले, तर एकही झडप बसेना.

"रंधा मारतो," मंडळीतला तरुण इस्खार म्हणाला. "थोडं काढलं की बसेल."

"मार बघू," कपितोलिनाबाई पायरीवरून म्हणाल्या. "मग तुलाच रंधते."

"मग कुठली कुठे, तुम्हीच सांगा ना, आजी."

"आत्ता आठवण झाली? महिनाभर माझा चहा प्यायलात, मुरंब्याची बरणी खरवडलीत. व्यापाऱ्याच्या पणजोबाचंसुद्धा नाव शोधलंत. मला एक प्रश्न नाही."

"चुकलं आमचं," बुरुलकान एजे हळूच म्हणाल्या.

कपितोलिनाबाई उठल्या. एकेका झडपेवरून हात फिरवू लागल्या. "ही थंडीत खाली घासते, पहिली उजवी. हिची कडी उचलून लावायची." माझ्या काठावर त्यांचा अंगठा थांबला. "ही तिसरी, डावी. हिला ढकलू नका, ओढा. ढकललं की रुसते."

मला वाटायचं, त्यांचं माझ्याकडे लक्षच नसतं.

अंधार पडायच्या आत आठही जागेवर बसल्या. शुक्रवारी घर यादीत गेलं.

मित्रांनो, जुनं घर जपायला निघालात, तर खरवडणी नंतर करा. आधी दार वाजवा. आत अजून कुणीतरी राहत असेल.