तोमेच्या मनगटावरचं घड्याळ

मी एक जुनं, बेढब घड्याळ आहे आणि माझं डोकं सध्या फिरलेलं आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी फार गोड आवाजात सांगतात, असं तुम्ही वाचलं असेल. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका. माझ्या डोळ्यांदेखत एका बाईचं आयुष्य पुसून टाकायला निघाले होते लोक, तेही माझं कौतुक करता करता.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. मला बनवलं समुद्रात बुडी मारणाऱ्या माणसांसाठी, पाणबुड्यांसाठी. जाड पोलादी अंग, नारिंगी तबकडी आणि काचेभोवती फिरणारं दातेरी कडं. माणूस पाण्यात उतरला, की कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. मग तो किती वेळ खाली आहे, हे एका नजरेत कळतं. काम चोख, पण रूपाच्या नावाने बोंब. जपानमधल्या हाचिनोहे शहरातल्या एका दुकानात मला सगळ्यात खालच्या फळीवर ठेवलं होतं. गिऱ्हाइकं वरच्या फळीवरची नामांकित घड्याळं नेत आणि माझ्याकडे बघून हसत. "हातावर काय बटाटा बांधून फिरू?" असं एकजण माझ्या तोंडावर म्हणाला होता.

मग एक दिवस इसोझाकी तोमे आली. तिशीतली, उन्हाने रापलेली, हाडकुळी. तिने सरळ माझ्याकडे बोट केलं.

"मिस्टरांसाठी का?" दुकानदाराने विचारलं.

"माझ्यासाठी."

"अहो बाई, हे पाणबुड्यांचं आहे."

"माहितीये. म्हणूनच हवंय."

बंदरावरच्या घरी गेल्यावर तिने माझा लांबलचक रबरी पट्टा कात्रीने कापला आणि तापलेल्या सुईने त्याला नवी भोकं पाडली. तिच्या मनगटावर मी तेव्हा नीट बसलो.

तिचा नवरा कानेमात्सु होया काढायचा. होया म्हणजे समुद्राच्या तळाला, खडकांना चिकटून वाढणारा, लालसर, गाठीगाठींचा जीव. आमच्या बंदरात तो सगळ्या घरांत खातात. तो काढायला कानेमात्सु जाड रबरी पोशाख चढवून, डोक्यावर तांब्याचा टोप घालून, पायात शिशाचे बूट घालून तळाशी उतरायचा. त्याच्या टोपाला होडीवरून हवेची नळी जायची आणि कमरेला दोर. तो दोर तोमेच्या हातात. तळाच्या गढूळ पाण्यात, वाकून होया खरवडणाऱ्या माणसाला घड्याळ बघायला सवड कुठली? शिवाय खाली माणसाला हाव सुटते. जास्त वेळ राहिला, किंवा घाईने वर आला, की रक्तात बुडबुडे धरतात आणि धडधाकट माणूस लुळा होतो. म्हणून आमच्या बंदरात वेळ बघतो तो वरचा. वरच्याने दोर ओढला, की खालच्याने निमूट निघायचं, वाद घालायचा नाही. कानेमात्सुचा टोप पाण्याखाली गेला, की तोमेचा अंगठा माझ्या कड्यावर यायचा.

बंदरावरचे पुरुष चेष्टा करायचे. "काय रे कानेमात्सु, तू बुडतोस आणि घड्याळ बायको मिरवते?"

तो टोप पुसत म्हणायचा, "माझा जीव तिच्या मनगटावर असतो बाबा. तुझा कुठे असतो?"

पण तोही माणूसच. एकदा तळाशी त्याला होयांनी भरलेला खडक सापडला. वेळ झाली, तोमेने दोर ओढला. खालून दोनदा हिसका आला, म्हणजे अजून थांब. तोमेने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा ओढला. तिने त्याला ठरलेल्या टप्प्यांवर थांबवत, सावकाश, पण वर आणलंच. टोप काढल्या काढल्या तो खेकसला.

"अगं, टोपलीभर माल सोडून आलो मी. डोळे फुटलेत का तुझे?"

"डोळे आहेत म्हणून ओढलं. होया उद्याही तिथेच असतील. बसा आता, चहा घ्या."

तो दिवसभर तिच्याशी बोलला नाही. त्याच दिवशी शेजारच्या होडीवरच्या पाणबुड्याने त्याच खडकावर 'अजून थोडं, अजून थोडं' केलं. वरच्याने ऐकलं त्याचं. तो माणूस कमरेखाली कायमचा लुळा झाला, त्याला उचलून न्यावं लागायचं. संध्याकाळी कानेमात्सुने होया सोलला आणि पहिला घास तोमेपुढे ठेवला.

वर्षं गेली. कानेमात्सु म्हातारा होऊन आपल्या अंथरुणात गेला. सगळ्याच पाणबुड्यांच्या नशिबी ते नसतं. तोमेने मला देव्हाऱ्याजवळच्या खणात ठेवलं. मला कुणी विचारत नव्हतं आणि त्याचं मला काही वाटतही नव्हतं.

आणि मग माझी लाट आली. जुन्या घड्याळांच्या शौकिनांना अचानक साक्षात्कार झाला, की दुर्लक्षित घड्याळांतच खरी मजा आहे. काल जे बेढब होतं, ते आज रुबाबदार. उन्हाने विटलेली माझी तबकडी म्हणे 'मुरलेली'. कुझे नावाचा टोकियोचा एक संग्राहक बंदरोबंदरी फिरत तोमेच्या दारात आला. प्रदर्शनात मला ठेवतो म्हणाला.

"न्या," तोमे म्हणाली. "पण नीट ऐका. हे माझं आहे. ते खाली जायचे, वेळ मी बघायचे."

"हो हो, आजी," तो म्हणाला, आणि एक अक्षर डोक्यात शिरू दिलं नाही.

टोकियोत त्याने पहिलं काम काय केलं असेल? तोमेचा पट्टा काढून केराच्या डब्यात टाकला. "कुणीतरी नासवलाय," असं म्हणत दणकट पुरुषी पट्टा चढवला. मला काचेच्या पेटीत ठेवून पुढे पाटी लावली: 'पाणबुडे इसोझाकी कानेमात्सु यांनी हे मनगटावर बांधून समुद्राचा तळ गाठला.' लोक वाकून वाकून बघत होते. मला इतकी शरम आयुष्यात वाटली नव्हती.

तोमेला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. ती ठेवणीतला किमोनो नेसून आली. पाटी वाचली आणि पेटीकडे हात नेला.

"आजी, हात नको हं," कुझे म्हणाला. "हे पांढरे हातमोजे घाला आधी. घामाने खराब होतं."

जिच्या घामाने माझं कडं झिजलं, तिला हा शहाणा हातमोजे देत होता.

"कुझेसाहेब, ही पाटी खोटी आहे," तोमे म्हणाली. आवाज चढला नाही, पण आजूबाजूचे वळून बघू लागले. "ते एकदाही हे घालून उतरले नाहीत. दोर माझ्या हातात असायचा. तिथे माझं नाव लिहा, नाहीतर घड्याळ परत द्या."

"म्हणजे हे कधी पाण्यात गेलंच नाही?" एका शौकिनाने विचारलं.

"नाही."

"अरेरे. होडीवर बसलेल्या बाईचं घड्याळ निघालं," तो शेजारच्याला म्हणाला आणि कॅमेरा बंद केला. बघता बघता सगळे पुढच्या पेटीकडे सरकले.

कुझेने मला बाहेर काढलं, उघड्या हाताने. आता हातमोजे कशाला? "गप्प बसला असतात, तर तुमच्या मिस्टरांचं नाव झालं असतं, आजी."

"नाव व्हायला माणूस आधी जिवंत घरी यावा लागतो," तोमे म्हणाली. "तो मी आणला. रोज."

तो दणकट पट्टा तिच्या मनगटावर राहीना, म्हणून तिने मला मुठीत धरलं आणि ती स्टेशनकडे निघाली. माझं अंग रागाने तापलं होतं.

मित्रांनो, मला तेल द्या, पुसून ठेवा, असं मी विनवणार नाही. मी पाण्यात गेलो नाही आणि त्याची मला लाज नाही. फक्त पेटीतली एखादी वस्तू बघून 'वा' म्हणण्याआधी विचारा, ही खरोखर कुणाच्या हातावर होती. आणि ते सांगणारी म्हातारी समोरच उभी असेल, तर तिला हातमोजे देऊ नका. खुर्ची द्या, आणि ऐका.