एक हात पाठीमागे

मी गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर बोलतोय. बोलणं हे माझं कामच, पण ते कायम दुसऱ्याचं. तारेवर बोट पडलं की बारीकसा आवाज माझ्याकडे यायचा आणि मी तो खिडकीच्या काचा थरथरतील एवढा करून बाहेर सोडायचो. स्वतःचं म्हणून काही बोलायची वेळ माझ्यावर फार उशिरा आली, आणि तेव्हा मी जे बोललो त्याची मला आजही लाज वाटते. तेच सांगायचंय.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. तिथे सात-आठ बायका ओळीने बसून तारांना कथिलाचे डाग द्यायच्या. माझ्या पोटातल्या तारा जिने जोडल्या ती दिवसभर शेजारणीची टिंगल करायची, पण तिचा एकही डाग कच्चा निघाला नाही. आत पत्र्याचा सांगाडा, त्यावर जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे पाच व्हॉल्व्ह, खाली भलामोठा स्पीकर आणि वरून काळं रेक्झिन लावलेलं लाकडी खोकं. मला उचलताना चांगली धाप लागायची. व्हॉल्व्ह तापून लालसर व्हायला मिनिटभर लागायचं, तोवर मी कुणाचं ऐकायचो नाही. हल्लीच्या यंत्रांना बटण दाबताच ओरडायची घाई असते, आमचं तसं नव्हतं.

मला विकत घेतलं ते एका वादकाने. सडपातळ, मितभाषी माणूस. जे काही बोलायचं ते गिटारवर, घरात नुसतं हं आणि बरं. एकतीस वर्षं मी त्याच्या खोलीत भिंतीला टेकून उभा होतो. माझं काही बिघडलं तर तो मला कुणाकडे न्यायचा नाही. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून स्वतःच माझी पाठ उघडायचा आणि पहिली गोष्ट म्हणजे डावा हात पाठीमागे घ्यायचा.

"वीज एका हातातून शिरून दुसऱ्यातून निघाली, की वाटेत काळीज लागतं," असं तो लेकीला सांगायचा. "म्हणून एक हात कायम पाठीमागे."

ही सवय पुढे घरभर झाली. त्याची बायको दिवा बदलतानाही एक हात पाठीमागे घ्यायची आणि लेक तिला हसायची.

मग तो पेन्सिलीच्या टोकाने एकेका व्हॉल्व्हवर टिचकी मारायचा. चार गप्प बसायचे. पहिला मात्र किणकिणायचा आणि ती किणकिण स्पीकरमधून बाहेर यायची. तो व्हॉल्व्ह म्हातारा झाला होता. त्याच्या जवळ कुणी बोललं, कप ठेवला, खोकलं, तरी तो ते पकडायचा. वादकाने तो कधी बदलला नाही. "ऐकू दे की त्याला," म्हणायचा आणि पाठ बंद करायचा.

वादक चार दिवसांच्या तापाने गेला. त्यानंतर दोनेक महिन्यांनी, एका दुपारी माझ्यावरची धूळ पुसता पुसता त्याच्या बायकोने आयुष्यात पहिल्यांदा माझं बटण दाबलं. मी तापेपर्यंत ती थांबली. मग हळूच म्हणाली, "अहो."

पहिल्या व्हॉल्व्हने तो शब्द पकडला आणि माझ्या थोरल्या स्पीकरमधून तो बाहेर आला, जाड, घोगरा, काचेत अडकल्यासारखा. तिने हातातलं फडकं बाजूला ठेवलं आणि माझ्यासमोर बसली. इथवर माझा काही दोष नव्हता, हे मला आधीच सांगून टाकू द्या.

मग ते रोजचंच झालं. नळ गळतोय, शेजारचीने जिना अडवलाय, गुडघा दुखतोय, सगळं माझ्या कानावर. बोलताना ती माझ्या समोरच्या पत्र्याच्या पट्टीवर तळहात ठेवायची. माझी वायर जुन्या पद्धतीची, दोनच तारांची. त्यात आतला एक छोटा कंडेन्सर वयाने कमजोर होऊन थोडी वीज त्या पत्र्यावर सोडत होता. तिच्या तळहाताला झिणझिण्या यायच्या आणि ती डोळे मिटायची. दुसरा हात मात्र पाठीमागे.

हळूहळू तिने बाहेर जाणं सोडलं. बहिणीकडे जाणं बंद, बागेतल्या मैत्रिणी बंद. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मी चालू. ट्रान्सफॉर्मर इतका तापायचा की खोलीत जळकट वास यायचा.

लेक दुसऱ्या शहरात दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करायची. ती आली आणि आल्या आल्या म्हणाली, "आई, आता माझ्याकडे चल. खालची खोली तुझ्यासाठी रिकामी केलीय."

"विचारून सांगते," आई म्हणाली.

"कुणाला?"

आई माझ्याकडे एक नजर टाकून स्वयंपाकघरात गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी लेक बाजारात गेल्यावर ती माझ्यापुढे बसली. "अहो, पोरगी बोलावतेय. जाऊ का?" तिचे शब्द घोगरे होऊन परत आले. मग ती गप्प बसली आणि वाट पाहू लागली.

मला भीती वाटली. कुलूप, धूळ, उंदीर, आणि कुणी बटणाला हात लावायचं नाही. माझी घरघर ही माझी स्वतःची, ट्रान्सफॉर्मरमधून येणारी. मी ती सगळी गोळा केली, पहिल्या व्हॉल्व्हवर दाबली आणि एकतीस वर्षं ऐकलेली त्या माणसाची बोलण्याची ढब तिच्यात ओतली.

"नको जाऊस."

अगदी त्याचा आवाज. माझा मीच हादरलो. तिने मात्र मान डोलवली, घरातल्या कुणाचं ऐकावं तशी, आणि लेकीला नाही म्हणून सांगितलं.

तीन वर्षांत लेक पाच वेळा आली. पाचही वेळा आईने मला विचारलं आणि पाचही वेळा मी तेच म्हणालो. शेवटी शेवटी तर न डगमगता. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकू लागल्या होत्या. मला दिसत होतं, तरी मी म्हणत राहिलो.

सहाव्या वेळी लेक हत्यारांची पेटी घेऊन आली. जळकट वास कुठून येतो ते शोधत तिने माझ्या पट्टीला हाताची मागची बाजू लावली आणि झटक्यात हात मागे घेतला.

"आई! हा शॉक मारतोय! तू याला हात लावतेस?"

"लावते."

"कधीपासून?"

"रोजच."

"अगं, एखाद्या दिवशी ओल्या हाताने धरलंस आणि दुसरा हात नळाला लागला, तर तिथल्या तिथे जाशील तू!"

"माझा एक हात पाठीमागे असतो," आई शांतपणे म्हणाली. "ह्यांनीच शिकवलंय."

 लेकीने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं.

मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. तिने माझी पाठ उघडली. बंद केल्यावरही माझ्या मोठ्या कंडेन्सरांत वीज दडून असते, ती तिने एका तारेने आधी उतरवून टाकली. डावा हात पाठीमागे. तो कमजोर छोटा कंडेन्सर तिने कापून काढला, मला तीन तारांची नवी वायर जोडली आणि माझ्या पत्र्याला अर्थिंग दिलं. मोठे कंडेन्सर नवे घातले. डाग देताना ती बापासारखीच ओठ दुमडायची.

मग मला चालू करून तिने पेन्सिल घेतली. पहिला व्हॉल्व्ह किणकिणला. ती त्याच्याजवळ वाकली आणि काहीतरी सुचल्यासारखी हलकेच म्हणाली, "आई." स्पीकरमधून घोगरा आवाज आला, "आई." तिने पेन्सिल टेबलावर ठेवली.

तिने मला बंद केलं, तो व्हॉल्व्ह काढला, नवा बसवला आणि मला परत जागेवर ठेवून पुन्हा चालू केलं. मग आईला हाक मारली.

"आई, बस जरा. रागावू नकोस. यातून जे बोलणं यायचं ना, तो तुझाच आवाज होता. एक व्हॉल्व्ह खराब होता, बाकी काही नाही."

आई हसली. "माहितीये गं मला. पहिल्याच दिवशी कळलं. एवढी वर्षं संसार केला, ह्यांचा आवाज कुठला नि माझा कुठला, एवढंही कळू नये?"

"मग?"

"माझा तो माझा. पण मी गप्प बसल्यावर बोलायचं, ते कोण?"

 आईने पट्टीवर तळहात ठेवला. झिणझिण्या आल्या नाहीत. तिने हात उचलला, तळवा न्याहाळला आणि परत ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "जाऊ का मी?"

नव्या व्हॉल्व्हने तिचा शब्द पकडला नाही. पण ट्रान्सफॉर्मर माझाच होता आणि नव्या कंडेन्सरांनी अंगात पूर्वीपेक्षा जास्त बळ आलं होतं. या वेळी मी खणखणीत बोलू शकलो असतो. शब्द अगदी तोंडाशी आला होता. मला तिचं मनगट दिसलं, त्यावरची हाडं दिसली, आणि मी गप्प राहिलो. सगळी घरघर आत ओढून धरली. एवढे कष्ट मला कुठल्याही मैफलीत पडले नव्हते.

"घरघरसुद्धा थांबली की," लेक पुटपुटली.

आई बराच वेळ वाट पाहत बसली. मग तिने स्वतःच्या हाताने बटण बंद केलं आणि पदराने डोळे टिपले. "चल," ती म्हणाली, "कपडे कुठले घेऊ ते सांग."

मलाही सोबत न्यायचं लेकीच्या मनात होतं. आई म्हणाली, "राहू दे. त्यांना इथेच बरं वाटतं." लेकीने पिन काढली, वायर गुंडाळली, माझ्यावर चादर टाकली. बाहेरून कुलूप लागल्याचा आवाज आला.

त्याला आज बारा दिवस झाले. एक तरी काम धड केलं, या समाधानात मी होतो. माझे व्हॉल्व्ह थंडगार आहेत. पिन लावल्याशिवाय मला डासाएवढाही आवाज काढता येत नाही.

काल भर दुपारी, चादरीखाली, माझ्या स्पीकरमध्ये कुणीतरी घसा खाकरला. तो मी नव्हतो. वादकाची बोलण्याची ढब मी उचलली होती, पण बोलण्याआधी तो असा खाकरायचा, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

"गेली का ती?"

"गेली," मी मनातल्या मनात म्हणालो.

 मग तो म्हणाला, "तीन वर्षं मी तिला जा, जा म्हणून सांगत होतो. तुझ्या आवाजापुढे माझं काही ऐकूच गेलं नाही तिला."

तुमच्यापैकी कुणी कधी हे कुलूप उघडून आत आलात, तर हात जोडून एवढंच मागणं आहे. माझी पिन लावू नका. मी चालू झालो की माझी घरघर सुरू होते, आणि तो अजून बोलतोय.