तिसरी घंटी

पुंजाजींच्या नातवाचं, शिवमचं, लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट. करोना ओसरून दुसरं वर्ष लागलं होतं. वैशाखातली तारीख धरली आणि घराला रंग द्यायचं ठरलं. रंगारी आला, भिंती खरवडत खरवडत बैठकीतल्या देवळीपाशी पोचला आणि थांबला. देवळीत वायरचा जुना फोन होता. त्याच्यावर पुंजाजींच्या बायकोने, रुखमाबाईंनी, विणलेला दोऱ्याचा रुमाल होता. रंगाऱ्याने विचारलं, हा डबा काढायचा की ठेवायचा?

प्रश्न एवढाच होता. पण अमडापुरातल्या त्या घरात त्याचं उत्तर लवकर मिळेना. रंगाऱ्याने बाकीच्या खोल्या रंगवून घेतल्या, गोठ्याची भिंतसुद्धा रंगवली, आणि देवळी तशीच राहिली.

गोकुळचं, म्हणजे पुंजाजींच्या मुलाचं, म्हणणं सरळ होतं. घरात माणूस तितके मोबाइल. या फोनवर शेवटचं कोण बोललं ते कुणाला आठवत नाही. त्याची वायर अंगणावरून येते, ती मांडवात अडकणार. सुनेला, अश्विनीला, देवळीत गणपती ठेवायचा होता. शिवमला वाटत होतं की नवरीकडची माणसं फोन पाहून हसतील. रुखमाबाई तुरीची डाळ निवडत होत्या.

पुंजाजी म्हणाले, "राहू द्या. खात नाही, पीत नाही."

"बिल खाते न बाबा," गोकुळ म्हणाला. "अन् वरून बिघडेल हाय."

फोन बिघडलेला होता हे मात्र सगळ्या घराला माहीत होतं. रोज दिवेलागणीला तो वाजायचा. दोन घंट्या वाजून गप्प व्हायचा. कुणी उचलायला उठेपर्यंत संपलेलं असायचं. गोकुळने एकदा लाइनमन आणून दाखवला होता. लाइनमनने खांबावर चढून पाहिलं आणि सांगितलं की जोडात ओल धरते, संध्याकाळी गारवा पडला की घंटी वाजते. मग उन्हाळ्यात काऊन वाजते, असं शिवमने विचारलं. लाइनमन म्हणाला, उन्हाळ्यात तार ताणते.

घंट्या वाजून गेल्या की पुंजाजी उठायचे, रुमाल बाजूला करून बटणं दाबायचे, रिसीव्हर जरा वेळ कानाशी धरायचे आणि ठेवून द्यायचे. कुणी पाहत असेल तर म्हणायचे, लाइन तपासली, बराबर हाय. लाइन बरोबर आहे तर घंट्या का वाजतात, हे विचारायचं इतक्या वर्षांत सगळे विसरून गेले होते.

खरी गोष्ट अशी होती.

पुंजाजींना एक मोठी बहीण होती. अन्नपूर्णाबाई. पुंजाजी तिच्याच कडेवर मोठे झाले. तिला ते बाई म्हणत. ती खामगावला दिलेली. दोन्ही घरी फोन आले तेव्हा बहीणभावाने एक रीत पाडून घेतली. बाई माहेरपण करून यश्टीने परत गेली की घरी पोचल्यावर दोन घंट्या द्यायची आणि ठेवून द्यायची. म्हणजे पोचली. पुंजाजी उलट दोन घंट्या द्यायचे. म्हणजे समजलं. उचलायचं नाही, कारण उचललं की पैसे लागतात. काही सांगण्यासारखंच असलं तर घंटी वाजू द्यायची. तिसरी घंटी वाजली की उचलायचं.

पुढे पुंजाजींच्या मुलीचं, पुष्पांजलीचं, लग्न निघालं. आपल्याकडे घरच्या लेकीबहिणीला पत्रिका पाठवत नाहीत. भावाने स्वतः जायचं, हातात अक्षत द्यायची, चल म्हणायचं. त्या वर्षी कापूस उशिरा फुटला होता, वेचणीला माणूस मिळत नव्हता, आणि लग्न दाराशी आलं होतं. पुंजाजींची कापसाची गाडी खामगावच्या जिनिंगला निघाली होती. त्यांनी पत्रिका आणि अक्षतेची पुडी ड्रायव्हरजवळ दिली. बाईचं घर जिनिंगच्या वाटेवरच होतं. वाटेत पुडी फुटली. अक्षत कापसात सांडली. बाईच्या हातात पडली ती नुसती पत्रिका, तिला सगळीकडून कापूस चिकटलेला.

बाईने ड्रायव्हरला पाणी दिलं. मग म्हणाली, "भावाले सांगजो, कापूस पोचला."

ती लग्नाला आली नाही, आणि भावाशी एक शब्द बोलणार नाही असं तिने खामगावात सांगून टाकलं. पुष्पांजलीच्या डोक्यावर आत्याचा हात पडला नाही, हे पुंजाजींना लागलं. त्यांनी मांडवात भावकीसमोर सांगितलं की आजपासून मले बहीण नाही. दोघांची वाक्यं आठवड्याच्या आत एकमेकांकडे पोचली. आपल्याकडे यश्टीला उशीर होतो, बोलण्याला होत नाही.

पुष्पांजलीची पाठवणी झाली त्या संध्याकाळी फोन दोनदा वाजला आणि थांबला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. पुंजाजींनी विचार केला. बाई बोलणार नाही असं म्हणाली होती. घंटी देणार नाही असं म्हणाली नव्हती. त्यांनी उलट दोन घंट्या दिल्या.

तेव्हापासून ते चाललं होतं. मधे बाईचे मालक गेले, तेव्हा पुंजाजी खांदा द्यायला गेले आणि न बोलता परत आले. संध्याकाळी दोन घंट्या वाजल्या. पण ज्या माणसाने मांडवात बहीण नाही म्हणून सांगितलं, त्याने घरात कसं सांगावं की ही घंटी बहिणीची आहे? लाइनमन जोडातली ओल म्हणाला तेव्हा पुंजाजींना बरंच वाटलं होतं.

आता फोन काढायचं निघालं, आणि पुंजाजींनी सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला. बाईला एकच नंबर पाठ होता. फोन काढला तर तिला मोबाइलचा नंबर सांगावा लागणार. नंबर सांगायला बोलावं लागणार. बोलता येत असतं तर घंट्यांची गरजच नव्हती. विचार तिथे येऊन अडायचा. बाई वयाने त्यांच्यापेक्षा मोठी होती. एखाद्या दिवेलागणीला घंटी वाजणार नाही, हे त्यांना कळत होतं. ती वाजली नाही हे कळायला फोन तर हवा.

त्यातच गोकुळने एका संध्याकाळी सहज सांगितलं की पत्रिका वाटायचं काम हलकं झालं आहे, लांबच्या सगळ्यांना मोबाइलवरच टाकून दिल्या. कुणाकुणाला टाकल्या ते त्याने वाचून दाखवलं. मेहकर, चिखली, दुसरबीड. शेवटी खामगाव. आत्याच्या मुलाचा नंबर कुणाकडून तरी मिळाला, म्हणून तिकडेही टाकली. जुनं भांडण किती दिवस ठेवायचं, असं तो म्हणाला.

पुंजाजींनी हातातला चहा खाली ठेवला. पहिल्या खेपेला कापसात पाठवली होती. या खेपेला कशात पाठवली हे सांगायलाही काही सापडेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते धोतर नेसून, टोपी घालून, यश्टी थांब्यावर उभे राहिले. पिशवीत पत्रिका होती. अक्षत स्टीलच्या डब्यात, झाकणाला फडकं बांधून. बँकेत जाऊन येतो असं त्यांनी घरी सांगितलं. रुखमाबाईंनी डब्याकडे पाहिलं आणि सांगितलं, बँकेत डबा सांभाळून न्या.

खामगावात दार बाईच्या सुनेने, अनुपमाने, उघडलं. अन्नपूर्णाबाई खाटेवर बसून सुईत दोरा ओवत होत्या. त्यांनी मान वर केली, पुंजाजींकडे पाहिलं आणि पुन्हा सुईकडे पाहिलं.

"अनुपमा, कोन आलं पाय."

"आई, अमडापूरचे मामाजी आले."

"मंग पानी दे. उन्हातून आले असतीन."

पुंजाजी खुर्चीवर बसले. दोघांच्या मधे एक हात जागा होती. त्या जागेत अनुपमा पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिली, आणि पुढचं सगळं बोलणं तिच्यामार्फत झालं. पत्रिका मोबाइलवर आली होती, हेही तिनेच सांगितलं. आईंना दाखवली होती. त्या म्हणाल्या, मले आता दिसत नाही. अन्नपूर्णाबाईंनी तेवढ्यात दोरा ओवून गाठ मारली.

"इचार त्याले," त्या म्हणाल्या, "अक्षत सोता आणली, का कोनाच्या गाडीत टाकली होती?"

"सांग तिले, यश्टीनं आणली. मांडीवर."

"मांडीवर कशात?"

"डब्यात. झाकन बांधून."

अनुपमाने दोन्हीकडे पाहिलं. सांगायसारखं काही उरलंच नव्हतं. पुंजाजी उठले, डबा उघडला, बहिणीच्या हातात अक्षत दिली आणि पाया पडले. अन्नपूर्णाबाईंनी अक्षत कपाळाला लावली आणि पदराच्या टोकाला बांधली. आशीर्वाद दिला का, ते ऐकू आलं नाही. ओठ हलले होते.

बसल्या जागेवरून पुंजाजींना कोपऱ्यातलं स्टूल दिसत होतं. त्याच्यावर वायरचा फोन, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. अनुपमाच्या ते लक्षात आलं. ती म्हणाली की आमचाही बिघडलेलाच आहे, रोज संध्याकाळी दोनदा वाजतो. आई रोज लाइन तपासतात. हे म्हणत होते काढून टाकू, पण आई हात लावू देत नाहीत.

पुंजाजींनी घसा साफ केला. "अनुपमा, सांग तिले. घराले रंग देनं चालू हाय. गोकुळ फोन काढतो म्हन्ते."

अन्नपूर्णाबाईंनी सुई उशीत खोचली आणि सरळ भावाकडे पाहिलं.

"काढ. काढून फेक. मंग मी मेली का जित्ती हाओ, हे तुले कोन सांगन? थो मोबाइल?"

"नाही काढत, बाई," पुंजाजी म्हणाले.

अनुपमा तांब्या घेऊन तशीच उभी होती. आपण काय केलं हे अन्नपूर्णाबाईंच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी पदर सावरला आणि तोंड सुनेकडे वळवलं.

"सांग त्याले, जेवून जाय. वांग्याची भाजी हाय."

पुंजाजी जेवले. परतीच्या यश्टीला जागा मिळाली नाही, तरी ते उभ्यानेच आले.

घरी रंगारी ओट्यावर बसला होता. त्याचं सगळं काम संपलं होतं, देवळी सोडून. पुंजाजींनी चपला काढायच्या आधी सांगितलं की फोन राहील. गोकुळने विचारलं, काऊन?

"बाईचा येते," पुंजाजी म्हणाले.

"कोन्या बाईचा?"

"तुह्या आत्याचा. रोज."

शिवमने जोडातल्या ओलीचं काहीतरी काढलं आणि मधेच थांबला. मग रुखमाबाई म्हणाल्या, "एवढं सांगायले तुमाले पुष्पांजलीच्या पोराले मिशा येऊ द्या लागल्या."

तेव्हा सगळ्यांना आठवलं की दिवेलागणीला टीव्हीचा आवाज रोज रुखमाबाई बारीक करतात. मालिका कितीही रंगात आलेली असो. बाकीच्यांना वाटायचं, देवासाठी करतात.

रंगाऱ्याने फोन जागेवर ठेवूनच देवळी रंगवली. फोनच्या मागे ब्रश जाईना, म्हणून तिथे जुन्या हिरव्या रंगाचा एक चौकोन राहिला. अश्विनीने गणपती दुसरीकडे ठेवला. वायर मांडवाच्या बांबूला बांधून टाकली. नवरीकडच्यांपैकी कुणी हसलं नाही, कारण कुणी पाहिलंच नाही.

अन्नपूर्णाबाई लग्नाला आल्या. आदल्या दिवशीच आल्या. शिवमला हळद लावली, सगळ्यांशी बोलल्या, स्वयंपाक्याला दोन चुका दाखवल्या. पुंजाजींशी त्या रुखमाबाईंमार्फत बोलत. एवढ्या वर्षांची सवय एका अक्षतेने जात नाही.

लग्नानंतर गोकुळने विचार केला की आता भांडण मिटलं, तर म्हाताऱ्यांना नीट बोलू द्यावं. त्याने आपल्या मोबाइलवर आत्याला लावून दिलं, अगदी चेहरा दिसेल असं. पुंजाजींनी विचारलं, जेवली का? बाई म्हणाली, जेवली. मग बाईने विचारलं, तिकडे पानी पडलं का? पुंजाजी म्हणाले, नाही पडलं. त्यानंतर दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. थोड्या वेळाने पुंजाजींनी मोबाइल गोकुळच्या हातात दिला. खामगावातही बाईने तेच केलं असावं, कारण पडद्यावर अनुपमाचा अंगठा आला. दिवेलागणीला देवळीतला फोन दोनदा वाजला. पुंजाजी उठले, बटणं दाबली आणि निवांत येऊन बसले. गोकुळने पुन्हा कधी मोबाइल लावून दिला नाही.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी शिवम बैलांच्या शिंगांचे बेगड सोलत होता. नवी सून अंगणात तोरणं गोळा करत होती. बैठकीत रुखमाबाई टीव्ही पाहत होत्या आणि पुंजाजी खाटेवर पडले होते. फोन वाजला.

ही वेळ नव्हती. रुखमाबाईंनी आवाज बारीक केला. दुसरी घंटी वाजली. पुंजाजी उठून बसले. तिसरी वाजली. चौथीही वाजली असेल. तोवर ते देवळीपाशी पोचले होते. त्यांनी रुमाल काढून खांद्यावर टाकला आणि रिसीव्हर उचलला. पलीकडे अनुपमा होती.

पुंजाजींनी सगळं ऐकून घेतलं. "हाव," ते म्हणाले. "निंगतो." मग रिसीव्हर ठेवला, रुमाल होता तसा पसरला आणि टोपी शोधू लागले.

अन्नपूर्णाबाई त्या दिवशी सकाळी, पोळ्याच्या करीला, खामगावात आपल्या घरी वारल्या.