जात्याजवळचा फोटो

बाईंनी दालनातली लाल दोरी आकड्यातून सोडवली आणि आत बोट दाखवलं.

“बस तिथे. खुंटा धर, आणि इकडे बघून हास.”

नवी जागची हलली नाही. तिचं खरं नाव काही नवी नव्हतं. पण या परक्या देशात शिकायला येऊन वर्ष होत आलं तरी वर्गाच्या लेखी ती नवीच होती, आणि तिनंही मग ते अंगाला लावून घेणं सोडून दिलं होतं. दोरीपलीकडे पुठ्ठ्याची मातकट भिंत होती, खाली चटई, आणि चटईवर दगडी जातं. वर पाटी होती, ‘दूरदेशीचं स्वयंपाकघर’. शाळेची सहल संग्रहालयात न्यायची ठरली तेव्हाच बाईंनी जात्याजवळ बसायची खास परवानगी काढून ठेवली होती. नवी दळत बसली आहे असा फोटो शाळेच्या दर्शनी भिंतीवर लागणार होता. परदेशी मुलांना शिष्यवृत्ती देणारी मंडळी लवकरच शाळा बघायला येणार होती, आणि नवीला आणखी एक वर्ष ठेवून घ्यायचं की घरी पाठवायचं हे तेव्हाच ठरणार होतं. बाईंना तिचं भलंच करायचं होतं. भलं करायला निघालेल्या माणसाला नाही म्हणणं फार जड जातं.

“मला दळता येत नाही,” नवी म्हणाली.

“अगं, तुमच्याकडचंच तर आहे.”

“आमच्याकडे गिरणी आहे. विजेवरची. माझ्या आईची.”

मागे कुणीतरी खुदकन हसलं. बाईंनी समजुतीच्या सुरात सांगितलं, की असेल गिरणी, पण मंडळींना ती बघायची नाही. आणि खरोखर दळायचं थोडंच आहे, नुसतं बसायचं. फोटोवाला कॅमेरा सावरून ताटकळत होता. शेजारची मैत्रीण कानाशी लागली, बस ना, तुझं काय बिघडतंय.

काय बिघडत होतं ते नवीला धड सांगता आलं नसतं. तिची आई दुधाचे दात पडायच्या वयापासून लोकांची दळणं दळत मोठी झाली होती. तिचा उजवा खांदा तेव्हापासून धरलेला. हात खांद्याच्या वर जातच नाही, म्हणून नवीची वेणी घालताना ती लेकीला जमिनीवर बसवते आणि स्वतः स्टुलावर बसते. पुढे काडी काडी जमवून तिनं गिरणी घातली, त्या दिवशी घरातलं जातं एकटीनं ढकलत अंगणात नेलं आणि नळाखाली पालथं घातलं. आल्यागेल्यानं त्यावर पाय धुवावेत असा तिचा हुकूमच होता. नातलगांनी तोंडात बोटं घातली. माझी पोर याला हात लावणार नाही, एवढंच ती म्हणाली होती.

“मी नाही बसणार,” नवी म्हणाली. तिनं हात पाठीमागे बांधले होते.

बाईंनी दोरी परत अडकवली. पुढच्या वर्षाबद्दल आता मुख्याध्यापकांशी बोलावं लागेल, असं त्या दोरीकडे बघतच म्हणाल्या.

पुढचं दालन होतं ‘आपल्या पणजीचा काळ’. दगडी हौद, कपडे घासायची खाचांची फळी, आणि हौदावर वाकलेली मेणाची बाई. तिचे हात अगदी मऊ, गुलाबी केले होते. शिष्यवृत्ती गेल्यात जमा होती, म्हणजे आता भ्यायचं तरी कशाला? नवीनं त्या हौदापुढची दोरी हातात घेतली.

“बाई, तुम्ही उभ्या राहा ना इथे, वाकून. तुमच्याकडचंच आहे. मी फोटो काढते.”

“मला कुठे येतंय ते?” बाई बोलून गेल्या. “माझ्याकडे यंत्र आहे.”

“माझ्याकडेही,” नवी म्हणाली.

या वेळी कुणी हसलं नाही. बाईंचे कान लाल झाले. त्यांनी घड्याळात बघितलं आणि सगळ्यांना गाडीकडे पिटाळलं.

गाडी लागेपर्यंत नवीनं पायऱ्यांवर बसून घरी फोन लावला. आई नेहमीसारखी ओरडूनच बोलली. गिरणीच्या घरघरीत राहून ती कानगोष्टसुद्धा गावभर ऐकू जाईल अशी सांगते. नवीनं सगळं सांगितलं. बहुतेक परत यावं लागेल, हेही सांगितलं. पलीकडे खटका पडल्याचा आवाज आला आणि गिरणी थांबली. ऐन गर्दीच्या वेळी. दळण अर्धवट राहिलेल्या कुणाची तरी कुरकुर ऐकू येऊ लागली. आईनं तिकडे लक्ष दिलं नाही.

“बसलीस का तू?” तिचा इतका हळू आवाज नवीनं आजवर ऐकला नव्हता.

“नाही.”

“मग रडतेस कशाला? फोन ठेव. थांब जरा.”

गाडी सुटल्यावर फोटो आला. कुणा गिऱ्हाइकानं घाईत काढलेला असावा. तिरका होता आणि कोपऱ्यात अंगठा आला होता. मधोमध आई उभी. केस, भुवया, पापण्या पिठानं पांढऱ्या. शेजारी मोटर आणि तिचा रुंद काळा पट्टा. डावा हात धान्य ओतायच्या तोंडावर, उंच. उजवा जिथवर जातो तिथवर उचललेला. ती हसत नव्हती.

नवी उठली, चालत्या गाडीत दांड्यांना धरत पुढे गेली आणि तिनं फोन बाईंच्या मांडीवर ठेवला.

“फोटो हवा होता ना, बाई? हा लावा.”

बाईंनी चष्मा चढवला. फोटो बोटांनी मोठा करून बघितला. मग शेजारच्या जागेवरची आपली पिशवी त्यांनी उचलून घेतली आणि तिला बसायची खूण केली.

नवी उभीच राहिली.