सुईतलं मीठपाणी

आमच्या सरांनी निष्कर्ष आधीच काढून ठेवला होता. उंदरांनी फक्त त्यांची री ओढायची होती. पिंजऱ्यात दोन खटके. एक दाबला की साखरेची गोळी पडते, दुसरा दाबला की नळीत अडकलेला सोबती सुटतो. मेंदूतलं ऑक्सिटोसिन, म्हणजे माया लावणारं रसायन, अडवणारं औषध टोचलं, की उंदीर सोबत्याला विसरून साखर खाणार, असं सर दोन परिषदांत टाळ्या घेत सांगून आले होते. उंदरांना तेवढं कुणी कळवलं नव्हतं.

सुया मी, प्रयोगशाळेतला हंगामी मदतनीस, भरायचो. निम्म्या औषधाच्या, निम्म्या तुलनेसाठी साध्या मीठपाण्याच्या. कुठल्या सुईत काय, ते माझ्या बंद लिफाफ्यात. टोचायची धाकटी, म्हणजे आमची पीएचडीची विद्यार्थिनी. तिला सुईवरचा आकडा तेवढा ठाऊक.

लिफाफा फोडला आणि सरांचा चेहरा पडला. साखरेवर ताव मारणारे बहुतेक सगळे मीठपाण्याचे निघाले. औषधवाले इमानाने सोबत्याला सोडवत बसले होते.

"सुयांची अदलाबदल झालीय," सर म्हणाले. चूक सुयांची असेल, उंदरांची असेल, सरांची कशी असेल? मग ते धाकटीकडे वळले. "एवढा निष्काळजीपणा असेल तर पीएचडी विसर."

"सर, मी प्रत्येक आकडा दोनदा बघितलाय. दादांना विचारा, ते समोरच होते."

होतोच. एकेक सुई मीच आकडा मोठ्याने वाचून तिच्या हातात दिली होती. एकही चुकली नव्हती.

सर माझ्याकडे बघून गोड हसले. हे हसू ते वर्षातून एकदा, अनुदान मागताना वापरतात. "तुम्हाला कायम करायचं पत्र माझ्या टेबलावर आलंय. परवा सही करतो. बरं, अदलाबदल तुमच्या हातून तर झाली नाही ना?"

"माझ्या हातून नाही, सर."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. तिच्याही हातून नाही, हे पुढचं वाक्य घशापर्यंत आलं होतं. ते मी गिळलं.

धाकटीने खण आवरला. पिशवी उचलून ती माझ्या टेबलाजवळून गेली, पण दादा म्हणाली नाही. मला लाज वाटली, पण तिला थांबवायला मी मान वर केली नाही.

परवाच्या दिवशी पत्र मिळालं. आकडे उलटे फिरवून सरांचं पुढचं व्याख्यानही ठरलंय. सोबत्याला सोडून साखर निवडायला मेंदूत औषध जावं लागतं, असं ते सांगणार आहेत.

मला तर मीठपाणीसुद्धा लागलं नाही.