दादाचा श्वास

खिडकीच्या कट्ट्यावर दादाचा चष्मा उताणा पडला होता — डावी काडी बिजागरीपाशी काळ्या दोऱ्याने गुंडाळलेली, भिंगांत आयर्लंडमधल्या लेटरकेनीचं राखाडी आभाळ थोडं थोडं उतरलेलं — आणि चहाचा कप हातात तसाच धरून वृंदा त्या चष्म्याकडे पाहत राहिली. या माणसाचा नेम म्हणे कधी चुकायचा नाही. वडील, आबा, गावच्या पारावर बसून सांगत, आमचा प्रताप दुर्बिणीची बंदूक चालवतो, लांबच्या लांब माणूस टिपतो. आणि ऐकणारे अशा माना डोलवत, जणू दादा कुणाच्या बागेतले आंबे उतरवायला गेला होता. टिपतो... तेव्हा तिलाही हा शब्द आवडायचा. मिरजेला डॉक्टरकी शिकताना मैत्रिणींना भावाबद्दल सांगायची वेळ आली की तिची मान आपोआप ताठ व्हायची. पुढे ती भूलतज्ज्ञ झाली, टेबलावर झोपवलेल्या माणसाच्या छातीकडे तासन्‌तास पाहत बसणं हेच तिचं काम झालं, आणि मग कधीतरी तो शब्द घशात अडकायला लागला. टिपतो म्हणजे नक्की काय करतो? टिपून झाल्यावर जेवतो का? झोप लागते का त्याला?

दादाला विचारायची सोय नव्हती. तो फौजेतून रजेवर यायचा, विहिरीत पोहायचा, भाकरी चुरून खायचा, झोपायचा आणि निघून जायचा. तिच्या लग्नात पाठवणीच्या वेळी आबांसकट सगळे रडत होते, आणि हा मांडवाच्या खांबाला टेकून गर्दीच्या पार मागे, कुठेतरी लांब बघत उभा होता — कोरडा ठक्क. ते डोळे ती लग्नाच्या सामानाबरोबर इकडे आयर्लंडला घेऊन आली. इथल्या लायब्ररीत तिला पुस्तकं सापडली — परदेशी स्नायपरांनी लिहिलेल्या आठवणी, कुणी अमेरिकन, कुणी इंग्रज. ड्यूटी संपली की हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून ती वाचायची. ही माणसं सगळं सांगत होती. श्वास सोडून झाला आणि पुढचा अजून घ्यायचाय, त्या मधल्या स्तब्ध जागेत बोट दाबायचं. मग घरी परतल्यावर काय होतं तेही सांगत होती — फटाका वाजला की टेबलाखाली शिरायचं, पाठ भिंतीला लावूनच बसायचं, खिडकीबाहेर नजर लावून तासन्‌तास गप्प. वाचता वाचता तिने त्या परक्या माणसांतून आपला भाऊ शिवून काढला. बाही याची, कॉलर त्याची.

आणि आता तो खरा, रक्तामांसाचा, गेला आठवडाभर तिच्या घरात होता. वहिनीच्या गुडघ्यांनी ऐन वेळी दगा दिला म्हणून एकटाच आला होता. यशोधन — तिचा नवरा — सोमवारी डब्लिनला जायचा तो शुक्रवारीच उगवायचा. त्यामुळे घरात दादा, ती आणि तिची चौदा वर्षांची लेक चैत्राली. पुस्तकं तिने तो यायच्या आदल्या दिवशी हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या त्या उबदार कपाटात, टॉवेलांच्या चळतीखाली दडवली होती. आणि त्या पुस्तकांनी सांगितलेलं एकेक लक्षण ती त्याच्यात शोधत होती. रोज तो रेडिएटरपाशी, भिंतीला पाठ लावूनच बसायचा. खिडकीबाहेर बघत राहायचा. गप्प असायचा. तो डुलकी घ्यायला लागला की ती स्वयंपाकघराच्या दारातून त्याच्या छातीकडे पाहायची... वर, खाली, मग ती मधली जागा... मग पुन्हा वर.

आज भाऊबीज होती. उद्यापासून तिची ड्यूटी सुरू होणार होती आणि चैत्रालीची शाळेची सुट्टी चालू. पोरीला दिवसभर मामाजवळ एकटं ठेवायचं, की काहीतरी सबब सांगून मैत्रिणीकडे पाठवायचं? हा प्रश्न सख्ख्या भावाबद्दल पडतो याची तिला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटत होती, पण लाज वाटली म्हणून प्रश्न थोडाच जातो. आज ठरवायला हवं होतं.

"दादा, तू रोज इथंच का रे बसतोस?" चहा त्याच्यापुढे ठेवत तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"पाठ शेकती गं. ह्यो तुमचा लोखंडी डबा लई झ्याक हाय."

"आणि बघत काय असतोस एवढं?"

त्याने हनुवटीने समोरचं घर दाखवलं. "ती बाई. धुणं घालती, पाऊस आला की काढती, गेला की परत घालती. सकाळपासनं ह्येच चाललंय. तिला कुणीतरी सांगाय पायजे."

वृंदाला हसू आलं, पण तिने ते पुरतं येऊ दिलं नाही. पुस्तकांतली माणसंही अधूनमधून विनोद करतातच. तेवढ्यात बाहेर — ठो. कोपऱ्यावरच्या पोरांनी बँगर, म्हणजे इथला फटाका, लावला होता. परवा हॅलोवीन, महिनाभर हे चालू असतं, आणि तिच्या कसं लक्षात आलं नाही... तिची नजर आधी त्याच्या छातीवर गेली, मग हातांवर. कपातला चहा हिंदकळला नव्हता. दुसरा ठो. दादा उठला, चष्मा तसाच टाकून खिडकीशी गेला, डोळे बारीक केले.

"आगं, हितंबी दिवाळी?"

"हॅलोवीन आहे रे. खरं तर बंदी आहे फटाक्यांना इथे."

"बंदी असल्याबिगर मजा न्हाई," तो म्हणाला. "लवंगी मिळती का बघ की कुठं. पोरीला दाखवू."

टेबलाखाली कोणीच गेलं नाही. वृंदा मात्र ओट्याची कड धरून उभी होती, बोटं पांढरी पडेपर्यंत. आणि हे दचकणं आपलंच चाललंय, दादाचं नाही, हे लक्षात यायला तिला थोडा वेळ लागला.

दुपारी चैत्राली पायजम्यातच सोफ्यावर पसरून गेम खेळत होती. पडद्यावर तिचा स्नायपर एका पडक्या इमारतीच्या गच्चीवर पालथा झोपलेला. हा गेम लपवायचं वृंदाच्या मनात आलं होतं, पण चौदा वर्षांच्या मुलीपासून काय लपवता येतं? ती ओट्याशी शेंगदाणे सोलत होती, कान मात्र सगळे बाहेरच्या खोलीत.

"मामा, वॉन्ट अ गो?"

नको म्हण, दादा... ती मनातल्या मनात म्हणत होती, नको म्हण. पण त्याने चष्मा चढवला आणि रिमोट हातात घेतला, पहिल्यांदा उलटा, मग सुलटा. पडद्यावरचा माणूस गवतात जाऊन पडला. पडून राहिला. बराच वेळ पडून राहिला.

"मामा, शूट! युवर मॅन्स राइट देअर!"

"थांब. वारं कुठनं हाय?"

"देअर्स नो विंड, मामा. इट्स अ गेम."

"मग गवात का हालतंय?"

 चैत्राली पडद्याकडे नव्यानेच पाहायला लागली, आणि तेवढ्यात कुणीतरी मागून येऊन मामाच्या माणसाला गोळी घातली. तो कोसळला, पडदा लाल झाला, आणि लगेच तोच माणूस गच्चीवर पुन्हा ताजातवाना उभा.

"ह्यो उठला की!"

"यू जस्ट रिस्पॉन."

"काय करतो?"

"परत जन्मतो," वृंदा आतूनच म्हणाली.

"लगीच?" दादा म्हणाला. मग पडद्यावरच्या माणसाकडे बघत, "सोय चांगली हाय." आणि तो हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग पोटातून तो घरघरता, शिट्टी मारल्यासारखा आवाज वर आला... विहिरीत तिला ढकलून काठावर बसून तो असाच हसायचा, आई काठी घेऊन येईपर्यंत. दादाचा माणूस पुन्हा मेला, पुन्हा उठला, तिसऱ्यांदा तर स्वतःच गच्चीवरून खाली पडला, आणि चैत्राली "ओह माय गॉड, मामा, यू आर ब्रूटल!" — इथल्या बोलीत, अगदीच टाकाऊ — म्हणत लोळत होती, आणि तो चष्मा काढून डोळे पुसत होता. वृंदाच्या हातातले शेंगदाणे तसेच राहिले. किती वर्षं झाली होती... तिला वाटलं होतं हे हसू कुठल्यातरी डोंगरावर मरून गेलं. तिला इतकं हलकं वाटलं की तिने मागे हात करून स्टूल शोधलं आणि बसली.

मग चैत्रालीचा आवाज आला, एकदम खाली आलेला. "मामा... डिड यू एव्हर? लाइक, फॉर रिअल?"

 दादाने घसा खाकरला. आणि वृंदा उठली, मिक्सरचं भांडं यंत्रावर बसवलं आणि बटण फिरवलं. घर्र... भांड्यात काही नव्हतं. शेंगदाणे ताटलीतच होते. दाराच्या चौकटीतून तिला दोघं दिसत होते — दादाचे ओठ हलताना, हात मांडीवर स्वस्थ, चैत्रालीची मान वर, डोळे त्याच्या चेहऱ्यावर — आणि तिने बटण दुसऱ्या खुणेवर नेलं. ज्या उत्तरासाठी इतकी पुस्तकं पार्किंगमध्ये बसून वाचली, ते दहा पावलांवर बोललं जात होतं, मराठीत, आणि ते तिला नको होतं. का नको होतं? भीती वाटली म्हणून? नाही... दादाच्या मनाचं दार तिने चोरून ढकललं होतं इतके दिवस, आणि आत पुस्तकांतल्या तिसऱ्याच लोकांना बोलावलं होतं. गवतात पडून, डोळा लावून, दबा धरून बसलेली जी होती ती आपणच की. बिचारा पाठ शेकत होता.

तिने मिक्सर बंद केला तेव्हा चैत्राली दारात उभी होती. चेहरा रोजच्यासारखाच, जरा मोठा झालेला.

"यू ओके, मम?"

"हो. तू?"

"आय'म ग्रँड. ही टोल्ड मी." तिने एक शेंगदाणा तोंडात टाकला. "इज ही स्टेइंग विथ मी टुमारो?"

"राहशील ना मामाबरोबर?"

"ऑब्व्हिअसली." आणि गेली.

म्हणजे ठरलं. इतका सोपा होता तो प्रश्न.

पाण्यासाठी दादा आत आला. भांडं तोंडाला लावण्याआधी त्याने मिक्सरकडे पाहिलं. "काय वाटलंस गं?"

"काही नाही."

"तरीच. रिकाम्या भांड्याचा आवाज निराळा अस्तो." पाणी पिऊन त्याने पेला विसळून ठेवला, लष्करी शिस्तीत, पालथा. "त्या टॉवेलाखालची पुस्तकं तुझी न्हवं?"

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. अर्थात. आठवडाभर आंघोळीचा टॉवेल काय आभाळातून येत होता? "हो."

"चाळली. इंग्रजी काय झेपलं न्हाई, फोटू बघितले." तो जरा घुटमळला. "वृंदे, तुला कायबी इचारायचं असलं तर मला इचार. माझं त्या लोकास्नी काय ठावं?"

"विचारीन."

"आत्ता?"

"आज नको, दादा."

"बरं," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजातही काहीतरी सैल झालं, असं तिला वाटलं. खरं की खोटं, देव जाणे.

दर भाऊबीजेला ती घरामागच्या हिरवळीवर जाऊन चंद्राला ओवाळायची, भाऊ जवळ नसला की ओवाळतात तसं. चंद्र ढगांत कुठे असेल याचा अंदाज घेऊन ताम्हन फिरवायचं. शेजाऱ्यांना वाटत असेल तू विमान उतरवतेयस, असं चैत्राली चिडवायची. आज मात्र स्वयंपाकघरात, पाट नव्हता म्हणून वरच्या फळीला हात पुरावा यासाठी आणलेल्या बुटक्या स्टुलावर, खुद्द भाऊ बसला होता. डोक्यावर रुमाल, कपाळावर तिने लावलेलं कुंकू जरा वाकडं. चैत्रालीने दिवे मालवले. निरांजनाच्या उजेडात दादाचा चेहरा कधी आबांसारखा, कधी कुणासारखाच नाही, असा दिसत होता.

तिने ताम्हन उचललं. सवयीने नजर छातीवर गेलीच. वर... खाली. श्वास सोडून झाला. आणि मग ती जागा आली, ती मधली, स्तब्ध. दादाची छाती हलेना, डोळे ज्योतीवर खिळलेले. तिचे हात जागच्या जागी थांबले.

फू.

अगदी हळू, ओठांच्या कोपऱ्यातून, सात वर्षांचा असताना फुंकायचा तशी. ज्योत आडवी झाली, विझता विझता राहिली, पुन्हा उभी राहिली.

"दादा, गप बस ना!" वृंदा ओरडली, आणि तो आवाज तिचा होता की फ्रॉक घातलेल्या कुणा मुलीचा, तिला कळलं नाही. दादाचे खांदे हलायला लागले होते. किती वेळा ओवाळून झालं होतं ते ती विसरली, आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.