जिन्यावरचे दिवे

पंपाची घरघर थांबली तशी ती खुर्चीवरून ताडकन उठली. काचेच्या कारखान्यातली वीज गेली होती. बाहेरचा जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प झाला. भट्टीच्या तोंडातून तांबडा उजेड तेवढा जमिनीवर पडत होता. वर, धुराड्यामागे, मिट्ट काळोख. तिथेच दुरुस्तीला माणसं चढलेली, आणि त्यांचे मुकादम तिचे बाबा.

भट्टीच्या भिंतीवर तिने बसवलेल्या पट्ट्या मात्र अजून वीज देत होत्या. एका अंगाला भट्टीची धग, दुसऱ्या अंगाला नळ्यांतलं गार पाणी. या फरकातूनच वीज. एरवी वाया जाणाऱ्या उष्णतेची, जादा धूर न करणारी. या पट्ट्यांपायी तिने रक्ताचं पाणी केलं होतं. उद्या मालक पाहुण्यांना घेऊन त्या बघायला येणार होते.

पण वीज बेताची. पाण्याचा पंप तरी चालवायचा, नाहीतर जिन्यावरचे दिवे. दोन्ही झेपणार नव्हतं.

"ताई, पंपावर घ्या!" ऑपरेटर ओरडला. "पाणी थांबलं की पट्ट्या गेल्याच समजा. माणसं काय, चाचपडत येतील."

वर कुणीतरी जोरात खोकलं. पंखे बंद पडल्यामुळे धूर तिथे कोंडत होता. तिने खटका दिव्यांकडे ओढला.

जिना उजळला. एकामागून एक माणसं धडधडत उतरू लागली. नळ्यांतलं पाणी खदखदायला लागलं, दिवे पिवळे पडत चालले. बाबांचा पत्ता नव्हता.

"बाबा!"

"आलो गं! गाडी सुटतेय का तुझी?"

एकेक पायरी पायाने चाचपत, दोन्ही हातांनी कठडा धरून ते उतरत होते. त्यांचा पाय जमिनीला टेकतो न टेकतो, तोच भिंतीपाशी काहीतरी तडकलं, करपट वास सुटला आणि दिवे विझले.

बाहेर आल्यावर बाबा तिच्याशेजारी ओट्यावर टेकले.

"गेल्या ना पट्ट्या?"

"गेल्या."

"उद्या काय सांगशील?"

"बघू."

ते टोपी गुडघ्यावर फिरवत राहिले. मग बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "कमी उजेडात मला दिसत नाही हल्ली. वर्ष होईल. दिवे नसते ना, तर पोरांना पुढे धाडून मी वरच बसलो असतो. आईला बोलू नकोस."

वर्षभर ते रोज त्याच जिन्याने चढत-उतरत होते.

अंधारून आलं होतं आणि फाटक बरंच लांब होतं. ती उठली, हात पुढे केला.

"बाबा, जरा धरा मला. पाय लटपटताहेत माझे."